आईंनी प्रोसेसरचं स्थळ पाहिलं

आई, तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगतं. "आमच्या लग्नात त्यांनी धवले म्हटले होते." "आमच्या पोरीच्या लग्नात, आमच्या नातवाच्या हळदीला." उरण-पनवेलच्या अर्ध्या गावांतली लग्नं तुमच्या गळ्यातल्या या गाण्यांनी लागली आहेत, त्यामुळे लोक तेच बोलणार. मी मान हलवते, चहा देते. पण आतून मला फार वाटतं, मध्येच थांबवून सांगावं, अहो ते तर झालंच, पण आमच्या आईंनी प्रोसेसरसुद्धा निवडला होता.

एकदा सांगितलंच. पुण्याहून आलेल्या माझ्या मावशीला. तिला वाटलं दुःखानं माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जरा पड थोडा वेळ."

ही तीच मावशी. नितीनच्या आणि माझ्या लग्नात तुम्ही आणि तुमच्याबरोबर गाणारी चांगुणामावशी समोरासमोर बसून धवले म्हणत होतात, एक ओळ तुमची, एक ओळ तिची, आणि ते काही केल्या संपेना, तेव्हा हिनं माझ्या कानात विचारलं होतं, "हे सगळं ठीक आहे गं, पण लग्न कधी लागणार?" तुम्ही ते ऐकलंत. न थांबता, पुढच्या ओळीच्या आधी एवढंच म्हणालात, "लागतंय, लागतंय. हेच लागतंय." आणि ओळ उचललीत. धवलारीण म्हणजे गाणारी बाई नव्हे, लग्न लावणारी बाई, हे मला त्या दिवशी कळलं. मावशीला अजून कळलेलं नाही.

तर प्रोसेसर.

डॉक्टरांनी तुमचं हृदय थकल्याचं सांगितलं आणि गाणं बंद करा म्हणाले, त्या दिवशीपासून हे सुरू झालं. दवाखान्यातून बाहेर पडताना नितीन गप्प होता. तुमचा मुलगा काळजीत पडला की गप्प होतो आणि मग काहीतरी विकत आणतो. तुम्ही रिक्षात बसल्यावर म्हणालात, "बंद म्हंजे एकदम बंद नाय. आदी समदं भरून घ्या. मंग बंद."

भरून घ्या म्हणजे रेकॉर्ड करा. धवले तुमच्या डोक्यात होते, कागदावर कधीच नव्हते. तुमच्या सासूकडून तुमच्याकडे आले ते ऐकून. चांगुणामावशीला सगळे येत नाहीत, ती तुमची जोडीदारीण, तुमची ओळ संपली की उचलणारी. जे काही होतं ते तुमच्यापाशी होतं, आणि तुम्हाला स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत आलं तरी धाप लागत होती. तुमचा आवाज टिकेल तोवर धवले उतरवून घ्यायचे, एवढंच आपल्या घरासमोरचं काम होतं, आणि ते आपल्या हॉलमधल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर अडलं.

फोनवर रेकॉर्ड केलेलं कॉम्प्युटरवर घ्यायचं, मागचा पंखा आणि शेजारच्या इमारतीतलं ड्रिल मशीन आवाजातून काढायचं, तुमचा खोकला कापायचा, ओळी नीट लावायच्या आणि सेव्ह करायचं. सेव्ह म्हटलं की त्याला झोप यायची. माउसचा बाण गोल गोल फिरायचा, मग स्क्रीन पांढरी, मग सगळं गेलं. तुम्ही परत म्हणायचात. परत म्हणायला तुमच्याकडे श्वास किती उरला होता हे तुम्हाला आणि मला, दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर तुम्ही कॅबिनेटला हात लावून बघत होतात.

"तापलाय," म्हणालात. "याला झेपत नाय."

नितीन म्हणाला, "नवा लॅपटॉप आणू." झालंच. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की तो परत लहान झाला. "पडदा चांगला, आवाज चांगला, मना त्याच्यावर समदं गावतं. अडतंय काय ते सांग. अडतंय ते बदल. चालतंय ते कशाला टाकतंस?"

अडत होता प्रोसेसर. मी शाळेत विज्ञान शिकवते, कॉम्प्युटरमधलं मला मुलांना शिकवण्यापुरतं येतं. मी तुम्हाला सांगितलं, हा म्हणजे यातला विचार करणारा भाग, आपला फार साध्यातला आहे, त्याच्या जागी चांगला बसवता येतो. पण कुठलाही चालत नाही. ज्या मदरबोर्डवर तो बसतो, त्या बोर्डाला तो चालला पाहिजे. तुम्ही लगेच मांडी सावरून बसलात. तुमचा तो चेहरा मला पाठ आहे. कुणी येऊन म्हणालं, आमच्या पोरीसाठी तिकडचं एक स्थळ आलंय, जरा चौकशी करा, की तुम्ही अशाच बसायचात.

"म्हंजे जुलवायचंय," म्हणालात.

नितीननं चौकशीची वाट पाहिली नाही. जासईला त्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि तो एक प्रोसेसर घेऊनच आला. छान होता, दमदार होता. खोबणीत अगदी बरोबर बसला. टाचण्या जुळल्या, वरची कडी लागली, पंखा लागला. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. परत दाबलं. काळी. नितीन पालथा पडून मागच्या वायरी तपासत होता आणि मी इंटरनेटवर बोर्डाचं नाव टाकून वाचत होते. तेव्हा मला कळलं की त्या कंपनीनं आणखी पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर काढले, ते आकारानं तसेच, खोबणही तशीच, पण आपल्या बोर्डाशी त्यांचं बोलणंच होत नाही. आत जातो, बसतो, आणि काही होत नाही.

मी हे तुम्हाला समजावलं. तुम्ही मला नव्हे, नितीनला म्हणालात, "बसला म्हंजे जुलला असं व्हतं काय रे? उंचीला उंची लागली म्हून लगीन लावतंस?"

त्यावर मी इतकी हसले की नितीन रुसला. आई, मला खरं वाटतं, तो आठवडा आपल्या घरातला सगळ्यात चांगला होता. मरण दाराशी येऊन बसलं होतं आणि आपण तिघं प्रोसेसरला मुलगी द्यावी की नाही यावर भांडत होतो.

मग तुम्ही रीतसर चौकशी सुरू केलीत. मी कंपनीच्या साइटवर आपल्या बोर्डाला कोणते चालतात ते शोधलं, तुम्ही शेजारी खुर्ची ओढून विचारत गेलात. कुठल्या पिढीचा? आपल्या बोर्डाला त्याच्या स्वतःच्या पिढीचा चालत होता आणि त्यानंतरच्या एका पिढीचा. खातो किती? म्हणजे वीज. त्यातला सगळ्यात थोरला फार वीज खाणारा आणि तापणारा होता, त्याला आपला पंखा पुरला नसता, वीज देणारा डबाही पुरला नसता. मी तरी त्याच्यावरच अडून बसले. एकदाच घ्यायचा तर सगळ्यात चांगला घेऊ म्हटलं. तुम्ही म्हणालात, "त्याच्यासाटी मंग पंखा नवा, डबा नवा, घर नवं. मदला आन. मदला पोर संसार करतो." मधला मुलगा तो नितीन, म्हणून तुम्ही तसं म्हणालात की खरंच तुमचा तो अनुभव होता, कोण जाणे. मधला ठरला.

पण तो आता नवा मिळत नव्हता. जुन्या पनवेलमध्ये दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे वापरलेला होता. तुम्ही म्हणालात मी येणार. जिना उतरून, रिक्षातून, धाप लागत. मी नको म्हटलं तर म्हणालात, "स्थल बगायला फोटोवर जात नाय आमच्याकडं."

दुकानदारानं खोक्यातून तो काढून काचेवर ठेवला. तुम्ही चष्मा लावलात.

"बिजवर हाय काय?" तुम्ही विचारलंत.

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "वापरलेला आहे का, असं विचारतायत."

"हां मावशी, वापरलेला. पण एकदम तंदुरुस्त, कसम से."

"बिजवर चालंल. आमच्यात कमीपना नाय त्याचा. पन आदीच्या घरी काय झालं ते सांग. का सोडला?"

"ऑफिसचा माल आहे मावशी. ऑफिस दुसरीकडे गेलं, सगळी मशीन नवी घेतली. ह्याची काही गलती नाही."

"तापट हाय?"

"बिलकुल नाही."

मग म्हणालात, "पोरगी बगायला येऊन चालून दाकव म्हनायचे ना लोक, तवा मी उटून जायची. धवला म्हनायला नकार द्यायची त्या घरी. पन यो तर यंत्र हाय. चालवून दाकव." त्यानं दुकानातल्या एका बोर्डावर लावून चालू करून दाखवला. तुम्ही तो पूर्ण सुरू होईपर्यंत उभ्या राहिलात. खुर्ची दिली तरी बसला नाहीत. निघताना तो मला म्हणाला, "इतकी पूछताछ तर माझ्या बहिणीच्या निकाहला पण नाही झाली." तुम्ही ऐकलंत, आणि पायरी उतरताना म्हणालात, "व्हायला पायजे व्हती."

घरी आल्यावर मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात तुम्ही ते केलंत. बाहेर आले तर पाटावर प्रोसेसर, त्याला हळद, कुंकू, वर अक्षता. घरात नवीन माणूस आलं की ओवाळून घ्यायचं, तुमचं काही चुकलं नाही. फक्त तो पालथा होता. ज्या बाजूला सोन्यासारखे बारीक ठिपके असतात, जिथून तो बोर्डाशी बोलतो, त्या बाजूला तुम्ही भरपूर हळदीकुंकू लावलं होतंत. नितीन "आई!" म्हणून ओरडला आणि खाली बसला. तुम्हीही घाबरलात. मग तुम्हालाच राग आला. "चमकतंय ती बाजू तोंडाची नाय काय? तोंड कुटलं ते सांगायचं ना आदी!"

मी स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले. एकेक ठिपका. हळद चिवट असते, आई. तुम्ही शेजारी बसून सारखं विचारत होतात, "मेला काय?" मी म्हटलं, नाही. "नक्की?" नक्की.

आणि लावला तर परत काळी स्क्रीन. तुमचा चेहरा पाहवेना. तुम्हाला वाटत होतं आपल्या हातून मेला. हळदीचा दोष नव्हता. हा प्रोसेसर पुढच्या पिढीचा, त्यामुळे बोर्डाच्या आतला स्वतःचा जो छोटा प्रोग्राम असतो, तो आधी नवा करावा लागतो. जुना प्रोसेसर परत बसवा, त्याच्यावर बोर्डाचा प्रोग्राम बदला, मग जुना काढून नवा लावा. हे साइटवर लिहिलेलं होतं, आम्ही शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात आणि लगेच नितीनकडे वळलात. "घरच्यांना न सांगता नवरी आनली तुमी. घर बोलंल काय तिच्याशी?"

मग मात्र चालू झाला. पडदा उजळला तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. एकच. मग मला म्हणालात, "लाव."

पहिला धवला मी सेव्ह केला, आणि तो झाला. सेव्ह झाला, असं लिहून आलं. मी वळून पाहिलं तर तुम्ही पदर डोळ्याला लावला होता. त्या क्षणी मी तुम्हाला काहीतरी बोलायला हवं होतं. अभिमान वाटतो असं सासूला म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, चहा ठेवू का. आता म्हणते. आई, मला तुमचा अभिमान वाटला. पनवेलात त्या दिवशी जेवढ्या घरांत जेवढे कॉम्प्युटर चालू होते, त्या सगळ्यांत आपला सगळ्यात चांगल्या घरचा होता.

एक गोष्ट मात्र तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. काढलेला जुना प्रोसेसर मी टाकायला निघाले तर तुम्ही हातातून घेतलात. धवले त्याच्यात असतील म्हणालात. मी दहा वेळा सांगितलं, आई, तिथे काही साठत नाही, साठतं ते हार्ड डिस्कमध्ये. तुम्ही म्हणायचात, "इतकी वर्सं त्याच्यातून गेलं ना समदं? मंग थोडं तरी ऱ्हायलं असंल." तो तुमच्या कपाटात साड्यांखाली आहे. मी हलवलेला नाही.

पुढचे महिने तुम्ही म्हणत होतात आणि मी कापत होते. आता कॉम्प्युटर थकत नव्हता. एक ओळ कितीही वेळा मागं नेऊन ऐकता येत होती, आणि तुम्ही ऐकवत होतात. "मागं घे." "परत." माझ्या उच्चारांवर हसायचात. मी गुणगुणताना 'ण'नं 'पाणी' म्हणाले की तुम्ही म्हणायचात, "पुन्याचं पानी जड हाय गो." आणि तुमची एक खोड होती. ओळ संपली की माझा हात धरून म्हणायचात, "थांब. पुडं काय ते आदी सांग, मंग लाव." मला वाटायचं तुम्ही स्वतःचीच आठवण तपासता आहात, विसरायला लागलात की काय. मी भीत भीत सांगायचे. चुकलं तर तुम्ही परत पहिल्यापासून लावायला सांगायचात.

भांडणही झालं, ते अर्धवट राहिलं. तुमच्या भाच्यानं तळोज्याहून फोन केला होता. त्यांच्या मुलीची हळद, पेन ड्राइव्हवर धवले द्या, स्पीकरवर लावू, बाई बोलवायला नको. मी द्यायला निघाले. तुम्ही नाही म्हणालात. मी चिडले. म्हटलं, मग हे सगळं केलं कशासाठी? तुम्ही श्वासाश्वासाला थांबून म्हटलेलं मी साठवून ठेवायचं, आणि कुणाला द्यायचं नाही? तुम्ही म्हणालात, "ते ऐकायला हाय. लावायला नाय." मी म्हटलं, ऐकायला तर लावावंच लागतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तू लई शिकलेली हायस." मग नितीन आला, जेवणं झाली, तो विषय राहिला. पुढच्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात, आणि मग घरीच आला नाहीत. भाच्याला पेन ड्राइव्ह दिलेला नाही, आई. बरोबर की चूक, ते मला आजही कळत नाही, पण दिलेला नाही.

तुमच्या तेराव्याला चांगुणामावशी आली. जेवली नाही नीट. जाताना चपला घालून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "येत्या रविवारी तलोज्याला हलद हाय. तुज्या सासूच्या भाच्याच्या पोरीची. मना जोड पायजे."

मी म्हटलं, मावशी, आत्ताच तर तेरावं झालं.

"तुजा सासरा गेला तवा ती पन तेराव्यानंतर गेलेली माज्याबरोबर. लगीन थांबत नाय कुनासाटी."

मी म्हटलं, मला कुठे येतंय? मी तुमच्यातलीसुद्धा नाही.

"तुला समदं येतं. तिनं मना सांगितलंय," एवढं बोलून ती जिना उतरायला लागली. काय सांगितलंत तुम्ही तिला, कधी सांगितलंत, मी विचारलं नाही. विचारायचं होतं ते तुम्हाला. माझा हात धरून पुढची ओळ आधी माझ्याकडून का वदवून घेत होतात, ते.

गेले, आई. पार्किंगमध्ये मांडव होता, गाड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. मुलगी पाटावर बसली. चांगुणामावशीनं पहिली ओळ घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी मागे कुजबुजलं, "पुन्याची हाय." मी तोंड उघडलं आणि ओळ आली. नुसती आली नाही, तुमच्या चालीत, तुमच्या 'न'नं आली. दुसरी आली, तिसरी आली. मागचं कुजबुजणं बंद झालं. नितीन मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, त्याच्याकडे मी मुद्दामच पाहिलं नाही.

हळद लागून झाल्यावर चांगुणामावशीनं मला बाजूला घेतलं. "चांगलं म्हनलंस. पन त्या धवल्यात, नदीचं नाव येतं ना, तितं थांबतंस कशाला?"

मी म्हटलं, तिथे थांबायचंच असतं. आई थांबतात.

"नाय गो. तितं थांबा नाय. अक्की ओल एका दमात म्हनायची. जन्मभर तशीच म्हनली तिनं. शेवटी शेवटी तिला धाप लागायची, म्हून थांबायची ती तितं."

तुमचा खोकला मी सगळीकडून काढला होता, एकही ठेवला नव्हता. पण ती थांबलेली जागा मला गाण्याचीच वाटली. मी ती तुमच्याकडून शिकले होते.

"चुकलं का मग? पुढच्या वेळी सलग म्हणू?" मी विचारलं.

चांगुणामावशीनं हळदीचे हात पदराला पुसले. "बगू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद उतरवताना तोच धवला परत येतो. या वेळी ती ओळ तिच्या वाट्याला आली, माझ्या नाही. नदीचं नाव आलं, आणि तिथे चांगुणामावशी थांबली. मी थांबले. मागे बसलेल्या बायकाही थांबल्या. एक श्वास झाला, आणि मग सगळ्यांनी मिळून पुढचं उचललं.